वीस मुलांची शाळा

न्हावा-शेवा म्हटले की आज डोळ्यांपुढे बंदर येते. कंटेनरच्या रांगा, उंच क्रेन, ट्रेलरची अखंड रहदारी आणि १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झालेला २१.८ किलोमीटर लांबीचा सागरी सेतू. पण न्हावा आणि शेवा ही मुळात दोन गावांची नावे आहेत. न्हावा पनवेल तालुक्यातले, शेवा उरण तालुक्यातले. खाडीच्या काठी आगरी आणि कोळी समाजाची वस्ती. भात, मीठ आणि मासळी या तीन गोष्टींवर इथली घरे चालत. अशा गावांत बंदराच्या कितीतरी आधी आलेली एक सार्वजनिक संस्था होती, ती म्हणजे गावची प्राथमिक शाळा. एक किंवा दोन खोल्या, एक किंवा दोन गुरुजी आणि चार इयत्ता.

अशा शाळेचा विषय हल्ली एकाच संदर्भात निघतो : तिचा पट २० च्या खाली गेला आहे, मग ती चालू ठेवायची की दूरच्या मोठ्या शाळेत विलीन करायची? २०१७ च्या अखेरीस १० पेक्षा कमी पटाच्या सुमारे १,३०० शाळांचे स्थलांतर करण्याचे ठरले तेव्हा हा वाद झाला. २०२३ मध्ये ‘समूहशाळे’ची कल्पना पुढे आली तेव्हा तो पुन्हा झाला. त्या वेळी २० पेक्षा कमी पटाच्या शाळा राज्यात सुमारे १४ हजार ७०० होत्या आणि त्यांत सुमारे १ लाख ८५ हजार मुले शिकत होती. हा आकडा पाहिला की लहान शाळा म्हणजे काहीतरी बिघडलेली गोष्ट, असा समज होतो. इतिहास मात्र वेगळे सांगतो. तो थोडक्यात पाहावा आणि त्याच्या जोडीला थोडे गणितही करावे, असा या लेखाचा हेतू आहे.

दोनशे वर्षांपूर्वीचा पट

पेशवाई संपल्यानंतर मुंबई सरकारने आपल्या इलाख्यातील गावठी शाळांची माहिती जिल्हावार मागवली. १८२९ च्या सुमारास हाती आलेले आकडे असे : शाळा सुमारे १,७०० आणि त्यांतील मुले सुमारे ३५ हजार. यांपैकी सरकारी शाळा फक्त २५, बाकी सर्व गावोगावच्या पंतोजींच्या. आता भागाकार करू. ३५ हजार भागिले १,७०० म्हणजे दर शाळेत २० ते २१ मुले.

म्हणजे आज जी संख्या धोक्याची खूण मानली जाते, ती दोनशे वर्षांपूर्वी या भागातील सर्वसाधारण शाळेची संख्या होती. पंतोजीच्या ओसरीवर, देवळात किंवा चावडीत भरणारी २० मुलांची शाळा हेच आपल्याकडील शाळेचे मूळ रूप. शंभर मुले, इयत्तेगणिक वेगळी खोली आणि खोलीगणिक वेगळा शिक्षक ही रचना नंतरची आणि मुख्यतः शहरातली.

त्या शाळेत मुले काय शिकत? धूळपाटीवर अक्षरे गिरवणे, मग बोरूने कागदावर मोडी लिहिणे, पाढे आणि त्यांच्या पुढे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, तोंडी हिशेब, पत्रलेखन. वर्ग नव्हते आणि वार्षिक परीक्षाही नव्हती. ज्याला जितके येई त्याच्या पुढचे तो शिकत असे. मोठी मुले लहानांकडून घोकून घेत, त्यांची अक्षरे वळवून घेत. पंतोजीला धान्य आणि थोडे पैसे मिळत.

ही पद्धत युरोपीय लोकांच्या नजरेतून सुटली नव्हती. इटालियन प्रवासी पिएत्रो देल्ला वाले याने १६२३ मध्ये कर्नाटकात देवळाच्या ओसरीवर वाळूत आकडे काढून एकमेकांना शिकवणारी मुले पाहिली आणि त्याचे वर्णन लिहून ठेवले. पुढे मद्रासेत अनाथ मुलांची शाळा चालवणाऱ्या अँड्रयू बेल या पाद्र्याने वाळूवर लिहिण्याची ही रीत उचलली आणि मोठ्या मुलांकरवी लहानांना शिकवण्याची पद्धत बसवली. १७९७ मध्ये त्याने लंडनला त्यावर पुस्तक छापले. त्याच सुमारास तिथे जोसेफ लँकेस्टरनेही अशीच पद्धत सुरू केली होती. शिकवणाऱ्या मोठ्या मुलाला तो ‘मॉनिटर’ म्हणे. ही पद्धत नंतर सरकारी शाळांच्या वाटेने आपल्याकडे आली. आज आपल्या वर्गात फळ्याच्या कोपऱ्यात बोलणाऱ्या मुलांची नावे लिहिणारा मॉनिटर आहे. त्याच्या नावामागे असा लांबचा प्रवास आहे.

हे चित्र रम्य मानण्याचे मात्र कारण नाही. त्या वेळी इलाख्याची लोकसंख्या सुमारे ४७ लाख होती. म्हणजे हजार माणसांमागे शाळेत जाणारी मुले साडेसात. शाळेच्या वयाची मुले तर हजारात शंभराहून अधिक असतात. मग बाकीची कुठे होती? मुली शाळेत जवळजवळ नव्हत्याच. अस्पृश्य मानलेल्या जातींना दार बंद होते. शेतकरी, कोळी आणि मिठागरात राबणाऱ्यांची मुलेही क्वचितच दिसत. शाळा लहान होती हा तिचा दोष नव्हता. ती थोड्यांचीच होती, हा दोष होता.

एका आण्याचा हिस्सा

१८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर १८५५ मध्ये मुंबई इलाख्यात सरकारी शिक्षण खाते सुरू झाले. खेड्यातील शाळांना पैसा कुठून आणायचा, हा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर १८६० च्या दशकात निघाले. जमीनमहसुलाच्या दर रुपयामागे एक आणा जादा पट्टी बसवायची, तिचा एक तृतीयांश शिक्षणावर आणि उरलेला रस्त्यांसारख्या कामांवर खर्च करायचा. १८६९ मध्ये ही ‘लोकल फंडा’ची पट्टी कायद्याने कायम झाली. खेड्यापाड्यांत सरकारी शाळा पसरल्या त्या या पैशावर. म्हणजे गावची शाळा ही सरकारने दिलेली देणगी नव्हती. तिच्यासाठी शेतकऱ्याने पैसे मोजले होते.

१८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुले यांनी याच ठिकाणी बोट ठेवले. पट्टी भरतो शेतकरी, शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना मिळतो, हा त्यांचा मुद्दा होता. प्राथमिक शिक्षण बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे, शिक्षक शेतकरी वर्गातून तयार करावेत, त्यांना प्रशिक्षण आणि दरमहा किमान १२ रुपये पगार असावा, अशा त्यांच्या मागण्या होत्या. प्रसंगी नांगराचा रुमणा किंवा सुताराचा वाकस हाती धरायला ज्याला लाज वाटत नाही, असा शिक्षक त्यांना हवा होता. शाळा मुलाच्या वस्तीपर्यंत जायला हवी, तशी ती मुलाच्या जगण्यापर्यंतही जायला हवी, असा याचा अर्थ आम्ही घेतो.

चार इयत्ता, एक गुरुजी

सरकारी शाळेबरोबर ‘इयत्ता’ आली. ठरलेली पुस्तके, ठरलेला अभ्यासक्रम, वर्षाच्या शेवटी परीक्षा आणि तपासणीला येणारे डेप्युटी. सातवीच्या व्हर्नाक्युलर फायनल परीक्षेला खेड्यात मोठी प्रतिष्ठा होती. ‘फायनल पास’ झालेला मुलगा शिक्षक होऊ शकत असे. पण इथे एक विसंगती शिरली. पुस्तके आणि वेळापत्रक तयार होत ते प्रत्येक इयत्तेला वेगळा शिक्षक आहे असे गृहीत धरून. खेड्यात मात्र गुरुजी एकच.

या विसंगतीचा हिशेब सोपा आहे. शाळेचे प्रत्यक्ष शिकवण्याचे तास ५ धरले आणि इयत्ता ४ असल्या, तर प्रत्येक इयत्तेच्या वाट्याला गुरुजी दिवसातून ७५ मिनिटे येतात. उरलेल्या पावणेचार तासांत मुलाने काय करायचे? अशा शाळेतील अनुभवाचे सारे बरेवाईट या पावणेचार तासांत दडलेले आहे.

वाईट बाजू अनेकांना ठाऊक आहे. शुद्धलेखनाचे तेच पान पुन्हा पुन्हा काढणे, पाढे घोकणे, शाळा झाडणे. गुरुजी तालुक्याला सभेला गेले, निवडणुकीच्या किंवा जनगणनेच्या कामाला लागले, की शाळेला कुलूप. इयत्तेत आपल्या वयाचे एकच मूल असले तर चर्चा कोणाशी करायची आणि चढाओढ कोणाशी, हाही प्रश्न असतो.

चांगली बाजू तितकीच खरी आहे. दुसरीतल्या मुलीच्या कानावर चौथीचा भागाकार रोज पडतो. तिला तो करायचा नसतो, म्हणून भीतीही वाटत नाही. चौथीत गेल्यावर तो ओळखीचा असतो. चौथीतला मुलगा पहिलीतल्या धाकट्या भावाला वजाबाकी समजावतो, तेव्हा हातचा घेणे म्हणजे काय हे त्याचे त्यालाच नीट कळते. मागे पडलेले मूल गुपचूप खालच्या इयत्तेच्या रांगेत बसून राहिलेले भरून काढू शकते. गुरुजींना प्रत्येक मुलाचे घर माहीत असते. एखादे मूल दोन दिवस आले नाही, तर ते आजारी आहे की बापाबरोबर होडीवर गेले आहे, हे कोणाला विचारावे लागत नाही.

खाडीकाठच्या गावांत हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा होता. इथले वर्ष शाळेच्या वेळापत्रकाप्रमाणे चालत नसे. पावसाळ्याच्या सुरुवातीला भाताची लावणी, पावसानंतर कापणी, थंडीपासून पावसाच्या तोंडापर्यंत मिठागरांचा हंगाम, आणि मासेमारी भरती-ओहोटीच्या वेळांवर. भरतीचे पाणी अडवणारा बांध फुटला तर लहानथोर सगळेच चिखलात उतरत. त्यात भर जमीनदारीची. याच जिल्ह्यात अलिबागजवळ चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी १९३३ ते १९३९ असा सहा वर्षे संप केला. १९४९ मध्ये खोती कायद्याने रद्द झाली, तोवर कुळाच्या घरी मूल शाळेत पाठवणे म्हणजे राबणारे दोन हात कमी होणे होते. अशा वेळी घराजवळच्या शाळेत सकाळी मीठ ओढून आलेले मूल दुपारी तरी येऊन बसे. तीच शाळा दोन मैलांवर असती, तर ते आले नसते.

शाळा मुलाकडे नेण्याचे धोरण

विसाव्या शतकात पुढचे पाऊल पडले ते सक्तीच्या शिक्षणाचे. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. मुंबई इलाख्यात १९१८ चा विठ्ठलभाई पटेलांचा कायदा नगरपालिकांपुरता होता. १९२३ आणि १९४७ च्या कायद्यांनी ग्रामीण भागाची व्यवस्था लावली. १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि गावची शाळा त्यांच्याकडे गेली. लोकांच्या बोलण्यात हे सारे थर एकावर एक साठलेले असत. कोणी तिला लोकल बोर्डाची शाळा म्हणे, कोणी स्कूल बोर्डाची, कोणी ‘झेडपी’ची. काही शाळांच्या पाटीवरचे ‘जीवन शिक्षण’ हे शब्द गांधीजींच्या मूलोद्योग शिक्षणाची खूण आहेत.

एकशिक्षकी शाळा ही तात्पुरती अडचण नाही, दीर्घकाळ राहणारे वास्तव आहे, हे ज्यांनी लवकर ओळखले त्यांत जे. पी. नाईक होते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीत १९०७ मध्ये जन्मलेल्या नाईकांनी १९५० च्या दशकात एकशिक्षकी शाळेवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. पुढे १९६४ ते १९६६ च्या कोठारी आयोगाचे ते सदस्य-सचिव होते. प्रत्येक मुलाच्या घरापासून एका मैलाच्या आत प्राथमिक शाळा असावी, ही कसोटी त्या आयोगाने पुढे ठेवली. १९८७ च्या ‘खडू-फळा मोहिमे’ने प्रत्येक शाळेला किमान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि आवश्यक साहित्य देण्याचे ठरवले. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक बंधनकारक केले. महाराष्ट्राच्या २०११ च्या नियमांत १ किलोमीटरच्या आत शाळा हे अंतर आले आणि त्याबरोबर किमान २० मुलांची अटही आली.

या सर्व धोरणांचे सूत्र एकच होते. मूल शाळेकडे येत नसेल, तर शाळा मुलाकडे न्यायची. असे केले की शाळा लहान राहणार, हे उघड होते आणि ते समजून उमजून स्वीकारले होते. लहान शाळा हे धोरणाचे अपयश नाही. धोरण सफल झाल्याची ती खूण आहे.

गाव हलते तेव्हा

मार्च १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली. नव्या मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील ९५ गावांची जमीन घेण्याचे ठरले. न्हावा-शेवा बंदरासाठीही भूसंपादन सुरू झाले. जमिनीला रास्त मोबदला मिळावा म्हणून जासईचे दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी आंदोलन केले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ या दोन दिवशी गोळीबार झाला आणि पाच शेतकरी हुतात्मा झाले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व या लढ्यातून पुढे आले. मे १९८९ मध्ये बंदर सुरू झाले. जुन्या शेवा गावाची वस्ती नवीन शेवा आणि हनुमान कोळीवाडा अशी दोन ठिकाणी वसवली गेली. हनुमान कोळीवाड्याची घरे तर वाळवीने पोखरली आणि लोकांना पुन्हा पुनर्वसनाची मागणी करावी लागली.

गाव उठते तेव्हा शेताच्या सीमा, मिठागरांचे बांध, होड्या लावण्याची जागा हे सारे मागे राहते. बरोबर येऊ शकते ते शाळेचे कपाट. त्यात असते जनरल रजिस्टर, म्हणजे रजिस्टर नंबर १. मुलाचे नाव, जात, जन्मतारीख, जन्मगाव, दाखल झाल्याची आणि शाळा सोडल्याची तारीख त्यात लिहिलेली असते. ज्याच्या नावावर सातबारा नाही, अशा मजुराची किंवा कोळ्याची लेखी नोंद गावात अनेकदा फक्त इथेच सापडते. आगरी समाज इतर मागासवर्गात येतो. त्या वर्गाच्या जातीच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागितला जातो. आजोबांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर नातीचा कॉलेजचा प्रवेश अवलंबून असतो, तो असा. म्हणून शाळा बंद करायची की नाही, या चर्चेत तिचे रजिस्टर कोठे जाणार आणि कोण सांभाळणार, हा प्रश्नही पहिल्या दिवशीच विचारला पाहिजे.

पटाचे गणित

आता गणित. पट का घटतो? ५०० वस्तीचे एक गाव घेऊ. १९७१ च्या सुमारास महाराष्ट्राचा जन्मदर हजारी सुमारे ३२ होता. म्हणजे अशा गावात वर्षाला १६ जन्म. २०२० च्या सुमारास तो हजारी सुमारे १५ वर आला. म्हणजे वर्षाला ७ ते ८ जन्म. पहिली ते पाचवीच्या पाच वर्षांची मिळून ३७-३८ मुले. त्यांतली निम्मी इंग्रजी माध्यमाच्या शाळेच्या गाडीत बसली, की उरली १८-१९. गुरुजी कितीही चांगले शिकवोत, कुटुंबनियोजन यशस्वी झालेल्या गावात पट २० च्या आसपासच राहणार.

दुसरी गोष्ट चढउतारांची. लहान संख्यांत योगायोगाचा वाटा मोठा असतो. अशा मोजणीत चढउतार साधारण सरासरीच्या वर्गमुळाइतका असतो. सरासरी पट २५ असेल, तर ५ चा फरक केवळ योगायोगाने पडू शकतो. संभाव्यतेच्या नियमाने अशी शाळा सात-आठ वर्षांतून एकदा २० च्या खाली जाणारच. शिवाय जन्म कमी झालेल्या एका वर्षाची मुले पाच वर्षे शाळेत राहतात, त्यामुळे घसरलेला पट लगेच सावरत नाही. एका वर्षाचा पट पाहून शाळेचे भवितव्य ठरवणे म्हणजे एका दिवसाच्या पावसावरून हवामान ठरवण्यासारखे आहे. निकालांचेही तसेच. १० मुलांच्या वर्गात एक मूल आजारी पडले, की निकाल १० टक्क्यांनी हलतो, शंभरांच्या वर्गात एकाच टक्क्याने. म्हणून गुणवत्तेच्या यादीत लहान शाळा अगदी वर दिसतात आणि अगदी खालीही.

तिसरी गोष्ट अंतराची. शाळेचे क्षेत्र वर्तुळ मानले आणि त्रिज्या १ किलोमीटरवरून ३ किलोमीटर केली, तर क्षेत्रफळ नऊपट होते. नऊ शाळांच्या जागी एक शाळा पुरते, म्हणून विलीनीकरण कागदावर आकर्षक दिसते. पण वस्ती सारखी पसरलेली असेल, तर मुलाचे शाळेपासूनचे सरासरी अंतर त्रिज्येच्या दोन तृतीयांश असते. ते ६७० मीटरवरून २ किलोमीटरवर जाते. वाचलेला खर्च नाहीसा होत नाही. तो सहा वर्षांच्या मुलाच्या पायांवर किंवा त्याच्या आईच्या वेळेवर पडतो. मुलगी असली, तर अनेक घरांत तिच्या शिक्षणावरच पडतो.

आणि खाडीकाठी तर हे वर्तुळही खरे नसते. न्हाव्यासमोर समुद्रात घारापुरी बेट आहे. नकाशावर पट्टी ठेवली तर अंतर थोडे, पण मध्ये पाणी. या बेटावर समुद्राखालून केबल टाकून कायमची वीज पोचली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. तिथल्या मुलांसाठी अंतराचे एकक किलोमीटर नसून होडी हे आहे. जमिनीवरही ट्रेलरचा महामार्ग ओलांडून पलीकडे असलेली अर्ध्या किलोमीटरवरची शाळा पहिलीतल्या मुलासाठी दूरच असते.

काय करता येईल?

लहान शाळा जशी आहे तशी ठेवावी, असे आमचे म्हणणे नाही. पावणेचार तासांचा प्रश्न सोडवलाच पाहिजे, आणि तो सुटू शकतो. कोलंबियात १९७० च्या दशकात ‘नवी शाळा’ नावाचा प्रयोग बहुवर्ग शाळांसाठीच उभा राहिला. मुलांनी आपल्या गतीने शिकायच्या पुस्तिका आणि लहान गट हे त्याचे सूत्र होते. आंध्र प्रदेशातील ऋषी व्हॅलीने लहान ग्रामीण शाळांसाठी शिक्षणपत्रांचा संच तयार केला. त्याचा आधार घेऊन १९९५ मध्ये कर्नाटकातील हेग्गडदेवनकोटे तालुक्यात ‘नली-कली’ सुरू झाले. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाड येथे गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावरच शाळा नेली. या सर्वांनी पंतोजीच्या ओसरीवरची जुनी गोष्ट नव्या साधनांनी केली : प्रत्येकाला त्याच्या पुढचे शिकू दिले आणि मुलांना एकमेकांचे शिक्षक होऊ दिले.

शिक्षकांनी आणि वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी एक उपक्रम जरूर करावा. आपल्या गावच्या प्राथमिक शाळेचे जनरल रजिस्टर मुख्याध्यापकांच्या परवानगीने पाहावे. व्यक्तींची नावे न घेता दर वर्षी किती मुले आणि किती मुली दाखल झाल्या, याचा आलेख काढावा. पहिली मुलगी कोणत्या वर्षी दाखल झाली, प्रत्येक समाजाचे पहिले मूल कधी आले, दुष्काळ, संप, भूसंपादन किंवा पुनर्वसनाच्या वर्षी आलेख कसा वळला, ते पाहावे. मग नकाशावर घरे मांडून मुलांनी रोज चाललेले खरे अंतर दोरीने नव्हे, तर पायांनी मोजावे.

१८२९ ची २० मुलांची शाळा आणि आजची २० मुलांची शाळा यांचा पट सारखा आहे, पण त्या शाळा सारख्या नाहीत. तेव्हा गावातली बहुतेक मुले दाराबाहेर होती. आज त्या खोलीत जी २० आहेत, त्यांत बहुधा तीच मुले आहेत ज्यांच्यासाठी दार उघडायला शंभराहून अधिक वर्षे लागली. ज्यांना गाडीची फी परवडते ती आधीच दुसरीकडे गेली. निर्णय घेणाऱ्याने पटाचा आकडा जरूर पाहावा. पण त्याच्या शेजारी आणखी दोन रकाने आखावेत : ही मुले कोणाची आहेत, आणि ही शाळा मिटली तर त्यांना किती चालावे लागेल.